उलाळ डबा : डेन्वर ते मॉन्युमेंट व्हॅली, एका जुन्या ट्रेलरच्या नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

घेतला एकदाचा. २०१५ चा, सतरा फुटी, एका ॲक्सलचा म्हणजे दोनच चाकांचा ट्रेलर. ९,४०० डॉलर रोख. आत चौघांना पुरतील असे पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज आणि उभं राहून कशीबशी आंघोळ करता येईल असं न्हाणीघर. लेकीनं त्याचं नाव लगेच 'डबा' ठेवलं.

दाराजवळच्या स्टिकरवर रिकामं वजन ३,०५० पौंड आणि सामानासकट कमाल ३,८०० पौंड लिहिलंय. आमची एसयूव्ही सहा सिलिंडरची. माहितीपत्रकाप्रमाणे ती ५,००० पौंड ओढते. पाच हजारांतून अडतीसशे वजा केले, बाराशे शिल्लक राहिले, म्हणून मी खूश. ही वजाबाकी किती चुकीची होती ते १८ मेच्या नोंदीत येईल.

ब्रेक कंट्रोलर (एसयूव्हीत बसून ट्रेलरचे ब्रेक लावायची पेटी), सात पिनांचा सॉकेट आणि वायरिंग मिळून १९० डॉलर. वायरिंग घरीच केलं, चार तास गेले.

१४ एप्रिल, रविवार

आज छपरावर. जुना ट्रेलर घेणाऱ्यानं इंजिनवाल्या गाडीसारखा विचार करू नये. इथे पहिला शत्रू पाणी. मागच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबलं तर भिंत चहात बुडवलेल्या खारीसारखी दबली. दिव्याच्या चौकटीतून पाणी आत जात होतं. घेताना हे दिसलं असतं तर पाचशे डॉलर तरी पाडून मागता आले असते. पण तेव्हा आम्ही पडदे बघत होतो.

कोपऱ्याची पट्टी काढली. आतले स्क्रू गंजून अर्धे झालेले. पाणी अडवणारी जुनी चिकट ब्युटाइल टेप वाळून खडखडीत. ती प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडली, नवी लावली, पट्टी परत बसवली. छपरावरच्या खिडकीभोवती भेगा होत्या, तिथे मात्र मी घरात पडून असलेलं बाथरूमचं सिलिकॉन भरलं. दुपारी सिलिकॉनच्या नळीची पाठ वाचल्यावर कळलं की रबरी छपरावर ते नीट धरत नाही, आणि वर काही दुसरं लावावं तर त्या सिलिकॉनवर तेही चिकटत नाही. सगळं खरवडून काढायला पुढचा रविवारही गेला. मग छपरासाठी मिळतं ते आपोआप पसरणारं सीलंट, तीन नळ्या, ४२ डॉलर.

२७ एप्रिल, शनिवार

चाकांच्या बेअरिंगना ग्रीस. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "टोपी काढ, ग्रीसगन लाव, नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाब." ॲक्सलच्या टोकाला निप्पल दिलेलं आहेच. तसंच केलं. ग्रीस काही बाहेर येईना, म्हणून दाबत राहिलो. डाव्या चाकात अख्खी नळी गेली.

साताऱ्याहून आमचे वडीलधारे आण्णा व्हिडिओवर बघत होते. "आरं, किती भरतुयास त्ये? आन् चाक जमिनीवर हाय की तुझं!"

मी म्हटलं, "आण्णा, इथलं सिस्टिम वेगळं असतं."

ही ओळ मुद्दाम लिहून ठेवतोय.

११ मे, शनिवार

पहिली फेरी, लव्हलँडजवळच्या बॉइड लेक स्टेट पार्कपर्यंत. घरापासून साठेक मैल, सपाट रस्ता. आण्णा मागच्या आठवड्यात आले, ते पुढे माझ्या शेजारी.

आय-२५ महामार्गावर ६५ मैलांच्या वेगात एक लांब ट्रक बाजूनं पुढे गेला. त्याच्या वाऱ्यानं आम्हाला ओढलं-ढकललं, आणि डबा डावी-उजवीकडे झुलायला लागला. एसयूव्हीचं शेपूट त्याच्याबरोबर हलत होतं. मी घाबरून ब्रेक दाबला. हे करू नये. झोका वाढतो. ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरची बारीक दांडी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे; ट्रेलर मागे ताणला गेला की सरळ होतो. मला हे वाचून माहीत होतं. हात मात्र त्या दांडीकडे गेलाच नाही.

सुदैवानं सावरलं. पुढच्या एक्झिटला थांबलो. आण्णा खाली उतरले, मागे गेले, डब्याच्या मागच्या बंपरवर बांधलेल्या सायकलींकडे बघितलं, हिचपाशी (ट्रेलर एसयूव्हीला जोडतो तो सांधा) आले आणि म्हणाले, "उलाळ झालीया गाडी तुझी."

त्यांनी तरुणपणी बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातलेला. भार मागे गेला की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर वजन राहत नाही, गाडी उलाळ होते. इथल्या पुस्तकात याच गोष्टीवर दहा पानं आहेत: हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, कमी असेल तर ट्रेलर झुलतो.

परतताना ५० च्या वर गेलो नाही. अजून एक गोष्ट त्या दिवशी जाणवली आणि मी सोडून दिली. ट्रेलरचे ब्रेक मऊ लागत होते. कंट्रोलरची तीव्रता ५ वरून ८ वर नेली आणि विषय संपवला.

१८ मे, शनिवार

ट्रकवाल्यांच्या थांब्यावर कॅट स्केल असतो. मोठा काटा, प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास, लगेच दुसऱ्यांदा केलं तर थोडेच जास्त. बॉइड लेकला नेलं होतं तसंच सगळं भरून, पाण्याची टाकीही भरून, काट्यावर चढवलं. मग डबा बाजूला सोडून नुसत्या एसयूव्हीचं वजन केलं.

ट्रेलर जोडलेला असताना: पुढची चाकं २,५८०, मागची ३,२२०, ट्रेलरचा ॲक्सल ३,६४०.
नुसती एसयूव्ही: पुढची २,७२०, मागची २,७००.

आता हिशेब. एसयूव्हीचं वजन ५,४२० वरून ५,८०० झालं, म्हणजे हिचवर ३८० पौंड. ट्रेलर एकूण ३,६४० अधिक ३८०, म्हणजे ४,०२० पौंड, १,८२० किलोच्या आसपास. स्टिकरच्या मर्यादेपेक्षा २२० जास्त. ॲक्सलची क्षमता ३,५००, तोही १४० नं ओलांडला. टायरवर प्रत्येकी १,७६०, दोन्हींचे मिळून ३,५२०, तेही ओलांडलं. आणि हिचवरचा भार साडेनऊ टक्के. आण्णांनी काट्याशिवाय सांगितलेलं ते हेच.

'५,००० पौंड ओढते' हा आकडा यातल्या एकाही मर्यादेबद्दल बोलत नव्हता. दुसरं, एसयूव्हीच्या पुढच्या चाकांवरचे १४० पौंड उचलले गेलेत. स्टिअरिंग हलकं लागतं म्हणून मला त्या दिवशी बरं वाटत होतं!

वजन आलं कुठून? ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड, आणि टाकी चाकांच्या मागे. सायकली आणि स्टँड ७५, तेही अगदी शेपटाला. बाकीचं आमचं सामान: बिडाचा तवा, दोन कुकर, मिक्सर, ज्वारीचं पीठ, डाळींचे डबे, आणि कधीच न वापरलेला लोखंडी खलबत्ता. बायको म्हणाली, खलबत्ता तूच ठेवलायस. खरं आहे.

८ जून, शनिवार

वजन वाटून देणारा हिच घेतला, झोका रोखणाऱ्या दांड्यांसकट, ४२० डॉलर. बसवायला पाच तास. त्यातले तीन तास उंची चुकल्यामुळे दोनदा सोडून परत आवळण्यात.

पाणी काढलं, जिथे मुक्काम तिथे भरायचं, वाटेत फक्त दोन कॅन. सायकली एसयूव्हीच्या टपावर. जड सामान चाकांच्या थोडं पुढे, खाली. पुन्हा काट्यावर: एकूण ३,६२०, त्यातले ४६० हिचवर. पावणेतेरा टक्के. (हिचवरचा भार मोजताना दांड्या सोडूनच मोजायचा, नाहीतर त्या वजन इकडचं तिकडे सरकवतात.)

आय-२५ वर पुन्हा नेला. ट्रक गेले, डबा जागचा हलला नाही.

२१ जून, शुक्रवार

डिलनला तीन दिवस जायचं होतं. आय-७० नं पश्चिमेला, आयझेनहॉवर बोगद्यातून. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्न आठच मैल, आणि तेवढ्यात दोन हजार फुटांहून जास्त उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेत, त्यावरून काय ते समजावं.

मी गिअर डी मध्येच ठेवला. वेग वाढला की ब्रेक, सोडला की पुन्हा वेग. तिसऱ्या मैलाला वास यायला लागला. जळका, नाकात चढणारा. पेडल पहिल्यापेक्षा खाली जायला लागलं. आण्णा म्हणाले, "घाट ज्या गिअरात चडायचा त्याच गिअरात उतरायचा. हे काय इथं वेगळं आसतं व्हय?" दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर ओरडायला लागलं आणि गाडी आवरली. ३५ मैलांनी, धोक्याचे दिवे लावून, ट्रकांच्या मागे मागे खाली आलो.

सिल्व्हरथॉर्नला पार्किंगमध्ये थांबलो. एसयूव्हीच्या पुढच्या चाकांमधून धूर. आण्णांनी ट्रेलरच्या चाकांजवळ हाताची पालथी बाजू धरली. उजवं चाक गरम. डावं चाक गार, इतकं गार की त्यांनी रिमवर हात टेकवला. आठ मैलांच्या उतारानंतर.

डावा ब्रेक लागतच नव्हता. रिमच्या आतल्या बाजूला काळसर ओलावा होता. बोट फिरवलं. ग्रीस.

२२ ते २४ जून, सिल्व्हरथॉर्न

कॅम्पग्राउंडमध्ये गाडीच्या दुरुस्तीला हात लावू देत नाहीत, पण मॅनेजरनं खाली ताडपत्री अंथरायच्या अटीवर परवानगी दिली. फिरत्या मेकॅनिकनं ५२० डॉलर सांगितले, आणि बुधवारच्या आधी येणं नाही. म्हणून स्वतःच.

आधी वायर तपासली. ट्रेलरचे ब्रेक विजेच्या चुंबकानं लागतात; दहा इंची ड्रमचा चुंबक प्रत्येकी तीनेक अँपिअर घेतो. दोन्हीचे मिळून ६.१ आले, म्हणजे वीज पोचत होती. मग डावं चाक उचललं, ड्रम काढला. आतून ग्रीसचा लगदा खाली पडला. माझी एप्रिलमधली अख्खी नळी. ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) तेलकट, काळे, चकचकीत.

कारण असं: निप्पलमधून ग्रीस आधी आतल्या बेअरिंगच्या मागे जातं, तिथून हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) पुढे येत बाहेरच्या बेअरिंगमधून टोपीकडे निघतं. चाक उचलून, हातानं फिरवत, अगदी हळू दाबलं तरच. मी चाक जमिनीवर ठेवून जोरानं दाबलं. ग्रीसला पुढची वाट मिळेना, त्यानं जुनं ऑईल सील मागे ढकललं आणि ग्रीस ड्रममध्ये गेलं. कंट्रोलर ८ वर नेला तेव्हा मी उजव्या चाकावर दुप्पट काम टाकलं, एवढंच.

ग्रीस मुरलेले शू धुऊन वापरता येत नाहीत. डेन्वरला एसयूव्ही घेऊन गेलो (तिचे पुढचे पॅड गार झाल्यावर तपासून, पातळ झालेत, पण शिल्लक आहेत). शू, चुंबक, स्प्रिंगा बसवून मिळणारी तयार ब्रेकची जोडी १३६ डॉलर. बेअरिंगचे दोन संच सीलसकट ५६. ग्रीस, ब्रेक क्लीनर २२. एकूण २१४ आणि साडेतीन तासांचा प्रवास. तीन हजार पाचशेच्या ॲक्सलला बहुतेक वेळा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ बेअरिंग लागतं. पण दुकानात जुनं काढून नेलेलं बरं. मी नेलं होतं, त्यावरचे आकडे जुळले.

रविवारी सकाळी नवे ब्रेक बसवले आणि दोन्ही बाजू उलट बसवल्या. आखूड अस्तराचा शू पुढच्या बाजूला यायला हवा. माझा मागे आला. आण्णांनी विचारलं, "दोन्ही सारखे न्हाईत, मग कुटला फुडं?" दीड तास गेला.

बेअरिंग भरायला आता ग्रीसगन नाही. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यात आपटत राहायचं, वरच्या फटीतून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. एका बेअरिंगला दहा मिनिटं. आण्णांनी चारपैकी तीन भरली, खुर्चीत बसून, मांडीवर फडकं टाकून. गावाकडे गाडीच्या आखाखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्याची आठवण त्यांनी लेकीला सांगितली. तिला ते शाम्पूची बाटली टांगल्यासारखं वाटलं.

सील लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकलं. नट आवळताना चाक फिरवत आधी घट्ट, मग पूर्ण ढिला, मग फक्त बोटांनी. नवी स्प्लिट पिन, जुनी पुन्हा कधीच नाही. चाकाचे नट टॉर्क पान्यानं १०० फूट-पौंड, आणि पन्नास मैलांनी पुन्हा.

जेवणाची वेगळीच तऱ्हा. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ पातेल्यात दोन तासांतही शिजली नाही. नेमका मोठा कुकर मी वजन कमी करायच्या नादात घरी ठेवला होता. बायको काही बोलली नाही. तीनही दिवस पिठलं.

सोमवारी रिकाम्या रस्त्यावर ४० वरून २० असं वीस-बावीस वेळा ब्रेक लावून नवे शू बसवून घेतले. मग सपाट जागी २५ मैलांच्या वेगात कंट्रोलरची दांडी दाबून चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे तीव्रता ठेवली. ५.५ निघाली. बोगद्यापर्यंत चढलो आणि पलीकडे जॉर्जटाउनकडे दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली दोन्ही ड्रम कोमट, सारखेच.

७ सप्टेंबर, शनिवार

टायर. बाजूच्या भिंतीवर केसांएवढ्या भेगा. टायरवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३२१७, म्हणजे २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. सात वर्षं. नक्षी नवीकोरी दिसते, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज (भार पेलायची श्रेणी) डी, ६५ पीएसआय हवेला प्रत्येकी २,०४० पौंड. (यातलं एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, लाल डब्याशी संबंध नाही.) स्टेपनीसह तीन, ३४५ डॉलर. हवा सकाळी टायर गार असताना बघायची. ॲक्सलची मर्यादा मात्र ३,५०० च राहते. जाड टायर लावले म्हणून खलबत्ता परत आणता येत नाही.

१३ ते २२ सप्टेंबर

ज्यासाठी हे सगळं केलं तो प्रवास. सुमारे १,०५० मैल, त्याबद्दल लिहिण्यासारखं कमी. हे चांगलंच.

पहिला मुक्काम फ्रुटा. व्हेल पासचा पश्चिमेचा सात टक्क्यांचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, ४० मैल, ब्रेक चार वेळा. दर थांब्यावर दूरून तापमान मोजणारं पिस्तूल (२० डॉलर) दोन्ही हबवर धरायचं, आकडे वहीत. एकच चाक जास्त तापलं तर बेअरिंग किंवा ब्रेक, हे आता पाठ.

मोआबला नळ थेट जोडला आणि दहा मिनिटांत बेसिनखालचा प्लॅस्टिकचा सांधा उडाला. कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब खूप होता. दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर २५ डॉलर, आधीच घ्यायचा. गालिचा दोन दिवस उन्हात.

ब्लँडिंगला फोननं हायवे २६१ सुचवला. तो मोकी डगवेवरून उतरतो: तीन मैल कच्चा, कड्याला चिकटलेला, दहा टक्क्यांच्या आसपास उतार. ट्रेलर घेऊन तिथे जाऊ नये. फोनला मागे डबा आहे हे माहीत नसतं. आम्ही ब्लफवरून गेलो. मेक्सिकन हॅटच्या अलीकडे आडवा वारा इतका, की ४५ वर आणलं.

मॉन्युमेंट व्हॅलीला फ्रीज उघडला तर लोणच्याची बरणी फुटलेली. दाराची प्रवासातली कडी लावायची राहिली होती. संध्याकाळी सगळे ते तांबडे सुळके बघत होते आणि मी रबरी कडेत शिरलेलं कैरीचं तेल टूथब्रशनं काढत होतो.

परत येताना ड्युरँगो, पगोसा स्प्रिंग्ज, वुल्फ क्रीक पास. १०,८५० फुटांच्या वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद सोडतं; वर पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला. ३५ मैलांनी, उजव्या लेनमध्ये, मागे रांग. दोनदा बाजूला घेऊन रांग सोडली.

पेट्रोल: एरवी गॅलनला २३ मैल, डबा लावल्यावर १०.६. साधारण ३४० डॉलर.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हिवाळ्याची तयारी. टाक्या रिकाम्या, गिझरचं पाणी काढलं, बायपास फिरवला, पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ, प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत. दोन गॅलन, १० डॉलर. बॅटरी घरात. आण्णा पुढच्या आठवड्यात परत जाणार. जाण्याआधी त्यांनी ग्रीसगन फडताळात सगळ्यात वर, पेंटच्या डब्यांमागे ठेवली.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

दोन्ही ड्रम उघडले. डाव्यात बोट फिरवलं. नुसती ब्रेकची राखाडी धूळ, कोरडी. बेअरिंग धुऊन हातानं पुन्हा भरली, नवी सीलं, दोन तास दहा मिनिटं.

पाणी चालू केल्यावर बाहेरच्या अंगाला धार. बाहेरच्या शॉवरचा नळ थंडीत उभा चिरला. गुलाबी पाणी सगळ्या नळांतून काढलं, हा एक झाकणामागे असतो म्हणून विसरलो. नवा ३४ डॉलर. मंगळवारी येईल.